चेहरे सोडून बाकी सगळं

ताबुचीच्या हातातला वस्तरा माझ्या कानामागे होता आणि तो म्हणाला, "तुमच्या सेन्सेईंनी या वेळी कमाल केलीय हो." मी दचकलो. दचकलो म्हणजे मान हलली, आणि तो ओरडला, "अहो उसुझावासान, हलू नका! कान गेला असता आत्ता." मग त्याने वस्तरा पुसला, बाकावरचं मासिक उचललं, आज सकाळीच आलेलं, अजून छापखान्याचा वास येत होता त्याला, आणि आरशासमोर धरलं. आरशात मला ते पान उलटं दिसलं. आमच्या चित्रकथेतली ओकोन उभी होती. नदीच्या काठाला, नावेत बसलेल्या तोकुबेईला निरोप द्यायला. "ही बघा," ताबुची म्हणाला. "सत्तावीस वर्षं वाचतोय मी ही गोष्ट. बायकोशी बोललो नसेन तेवढा या बाईशी मनात बोललोय. पण असे डोळे? कधीच नाही. ती त्याच्याकडे बघतेय असं वाटतं, पण बघत नाहीये. कुठंतरी मागेच बघतेय. पंच्याहत्तरीला आला म्हातारा, आजारी होता ना मध्ये? आणि हात बघा अजून!" मी म्हणालो, "हं." ते डोळे मी काढले होते.

हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे तिघांना होतं. मला, ओकुसानना, म्हणजे सेन्सेईंच्या पत्नींना, आणि मासिकाच्या मोमोसे म्हणून संपादक बाई आहेत, त्यांना. सेन्सेईंना नव्हतं. आणि आज दुपारी मोमोसेसान मासिकाचा अंक घेऊन सेन्सेईंकडे यायच्या होत्या, दर वेळी येतात तशा, खोक्यातून गोड काहीतरी घेऊन. म्हणजे आज दुपारी सेन्सेई ते पान बघणार. खुर्चीत बसल्या बसल्या मला एकदम सगळा थकवा आला. आजचा नव्हे. सगळा. गुडघ्यांतून वर चढत चढत मानेपर्यंत. ताबुचीने गरम टॉवेल तोंडावर टाकला आणि त्या ओल्या अंधारात मला वाटलं, इथंच राहावं, कुणी टॉवेल काढूच नये.

आमच्या धंद्याचं तुम्हाला सांगतो. लोकांना वाटतं, वर नाव असतं हिरुकावा सेन्सेईंचं, म्हणजे आतलं सगळं त्यांनीच काढलं. तसं नसतं. गोष्ट त्यांची, कच्चा आराखडा त्यांचा, आणि चेहरे त्यांचे. बाकी सगळं आमचं. घरं, कौलं, नदी, नदीवरचा पूल, पुलावरची माणसं, त्या माणसांचे कपडे, कपड्यांवरची नक्षी, पाऊस, बर्फ, धुकं. पाऊस काढायला काय लागतं ठाऊक आहे? पट्टी लावून रेघा मारल्या की पाऊस होतो असं नव्यांना वाटतं. तो पाऊस नव्हे, ते गज. पाऊस हात सोडून काढावा लागतो, आणि दर रेघेला शेवटी टाक उचलावा लागतो, नाहीतर तो पडतच नाही, नुसता लटकतो. मी पाऊस काढण्यात म्हातारा झालो. पण चेहऱ्याची जागा कोरी सोडायची. पान सगळं भरलेलं, आणि मध्ये अंड्यासारखी पांढरी डोकी. मग ते पान सेन्सेईंच्या मेजावर जायचं आणि ते टाक बुडवून त्या अंड्यांत माणसं घालायचे. आधी नाक, मग तोंड, मग भुवया, डोळे शेवटी. बुबुळ काळं भरायचं आणि वर डाव्या अंगाला पांढरा ठिपका ठेवायचा. तो ठिपका आला की माणूस श्वास घ्यायला लागायचा. आम्ही बाकीचे खोलीभर हात थांबवून बघायचो, दर वेळी.

एकदा कोमाकी म्हणून एक होता, हुशार पोरगा, माझ्यानंतर लागलेला. घाईच्या दिवसांत सेन्सेई आत आडवे झाले होते आणि मासिकाचा माणूस दारात उभा. एका गर्दीतल्या बाईचा डोळा राहिला होता. गर्दीतली बाई, नाव नाही, गाव नाही. कोमाकीने घातला डोळा. सेन्सेई उठून आले, पान बघितलं. पातं घेतलं आणि तेवढा चौकोन कापून काढला. मग कोमाकीला म्हणाले, "तुझी वस्तू राहिली होती इथं, घेऊन जा," आणि ते कागदाचं नखाएवढं चिटोरं त्याच्या हातावर ठेवलं. कोमाकी दुसऱ्या दिवशी आला नाही. आता त्याचं शेवयांच्या सूपचं दुकान आहे, बरं चाललंय, मी जातो कधीमधी. तो वाडग्यात अंडं जास्तीचं टाकतो आणि विचारतो, "काय, अजून अंडीच सोडताय?" आम्ही हसतो. तो जास्त हसतो.

टॉवेल निघाला. "तरुण दिसताय," ताबुची म्हणाला. म्हणजे खोटारडा. बाहेर पडलो तर वारा सुटला होता, शाकुजीच्या तळ्याकडून येणारा, शेवाळाचा वास असतो त्याला. पाय सेन्सेईंच्या घराकडे आपोआप वळतात, तसे वळले, पण मी मध्येच बाकावर बसलो. अजून वेळ होता. बाकावर बाजूला दोन कॉलेजची पोरं, दोघांच्या हातात फोन, दोघं काहीतरी चित्रातलंच वाचत होती, अंगठ्याने वर सरकवत. पान उलटण्याचा आवाज नाही. मला वाटलं, यांना विचारावं, कुठली गोष्ट? मग म्हटलं कशाला. आमच्या वेळी हे वाचणं म्हणजे बिडी ओढण्यासारखं होतं. आमच्या शाळेत मास्तरांनी एकदा सगळ्यांची चित्रांची पुस्तकं गोळा करून मैदानात जाळली होती, पोरांची डोकी सडतात म्हणून. वारा समुद्राकडून होता, जळकी पानं उडून छपरांवर बसली. मी एक अर्धं पान पकडलं. त्यावर एका तलवारवाल्याचा फक्त हात उरला होता. मी तो हात शंभरदा काढला असेन, भिंतीवर, वाळूत, आईच्या मिठाच्या पाट्यांवर. तीच पुस्तकं आता परदेशातून माणसं येऊन काचेत ठेवतात. फ्रान्समधून एक प्राध्यापक आला होता, सेन्सेईंना विचारत बसला की तुमच्या नदीचा अर्थ काय. सेन्सेई माझ्याकडे वळून म्हणाले, "उसु, नदी तुझी आहे, तूच सांग." मी म्हणालो, "ओली आहे." दुभाष्या बाईला ते कसं सांगावं कळेना. आणि टीव्हीवाल्यांनी जेव्हा आमच्या गोष्टीची चलच्चित्रं केली तेव्हा ओकोनचे डोळे त्यांनी बशीएवढे केले. सेन्सेई खूप हसले, म्हणाले, "पोरीला थायरॉइड झालाय." पण त्यानंतर जगभरातून पोरं यायला लागली दारात. एक इटलीचा लांबडा तोकुबेईचा वेष करून आला होता, खांद्यावर खरं वल्हं, ते फाटकात अडकलं आणि ओकुसाननी आणि मी मिळून सोडवलं. त्याला आम्ही चहा दिला. तो रडत होता. आनंदाने म्हणे.

मी मियाकोचा. वर उत्तरेला, समुद्रावर. तिथून शाळा संपली की पोरांना गाडीत भरून टोकियोला पाठवायचे, कारखान्यांत, दुकानांत, स्टेशनावर बँड वाजवून. मी एका लोखंडाच्या दुकानात लागलो आणि वर्षाच्या आत तिथून सटकून सेन्सेईंच्या दारात उभा राहिलो. कारण त्यांची पुस्तकं मी गावातल्या भाड्याच्या दुकानातून आणून वाचली होती. ती जुनी, ओसाकात असताना त्यांनी पोटासाठी काढलेली, जाड पुठ्ठ्याची, शंभर जणांच्या हातातून गेलेली, पानांना कुणाच्या सोया सॉसचे, कुणाच्या शेंबडाचे डाग. माझे डाग माकुळाचे. आई धक्क्यावर माकुळ, ती काळ्या शाईची मासळी, कापायची. पोट चिरायचं, आतलं ओढून काढायचं, धुवायचं, दोरीवर टाकायचं. मी बाजूला बसून वाचायचो. एकदा तिने हात न थांबवता पुस्तकात डोकावलं आणि म्हणाली, "ए, या बाया सगळ्या एकाच आईच्या पोटच्या दिसतात की रे." मला राग आला होता. मी म्हणालो, "तुला काय कळतं चित्रातलं?" ती म्हणाली, "चित्रातलं नाही कळत. बायांतलं कळतं." आणि पुन्हा माकुळ. ती बोलताना माझ्याकडे बघायची नाही. म्हणजे तोंड माझ्याकडे, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे, समुद्राच्या तोंडाकडे. वडिलांची बोट तिकडून यायची. वडील गेले, बोट गेली, तरी तिची ती सवय गेली नाही. बोलायची तुमच्याशी, आणि बघायची तिकडे. डोळ्यांत चमक म्हणाल तर नाही. उजेड आत जायचा आणि परत यायचा नाही. लहानपणी मी तिच्या नजरेच्या वाटेत उभा राहून बघायचो, मी दिसतो का. दिसायचो बहुतेक. पण ती मला ओलांडून बघायची.

हिवाळा सरताना सेन्सेईंना झटका आला. ओकोनच्या निरोपाचा भाग चालू होता. आराखडा झाला होता, माझी नदी झाली होती, काठ झाला, नाव झाली, आणि चेहरे कोरे. ते दवाखान्यात गेले. उजवा हात गेला, बोलणं अर्धं गेलं, मधले दिवस त्यांच्या डोक्यातून पुसून गेले. मोमोसेसान म्हणाल्या, "आजारामुळे सुट्टी, असं छापता येईल." मग म्हणाल्या, "पण वाचकांची कार्डं येतात बघा, दर अंकाला, कुठली गोष्ट आवडली ते लिहून. आपण हल्ली खाली चाललोय. वर मजल्यावर बोलणं चाललंय. एकदा सुट्टी घेतली की परत बोलावतील की नाही, मला नाही सांगता येत." कोवळी बाई आहे, खोटं बोलता येत नाही तिला. ओकुसान बराच वेळ त्या कोऱ्या डोक्यांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उसुझावासान, तुम्हीच घाला." मी म्हणालो, "मला नाही जमायचं." त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमतं. मी कोपऱ्यातल्या टोपलीत फेकलेले कागद बघते केर काढताना. किती वर्षं बघतेय." रोज काम झालं की मी सेन्सेईंचे चेहरे काढायचो आणि चुरगळून टाकायचो. हुबेहूब. ताबुची काय, देवाला कळलं नसतं.

तर मी बसलो. तोकुबेईचा चेहरा घातला, सेन्सेईंचा तोकुबेई, काही फरक नाही. मग ओकोन. नाक, तोंड, भुवया. डोळे घालायला टाक टेकवला आणि मला जमेना. म्हणजे सेन्सेईंचे डोळे येत होते हातात, पण मला ते नको होते. एवढंच. तिचा माणूस नावेत बसून चाललाय, परत येणार नाही, आणि ही त्याच्याकडे ओल्या डोळ्यांनी बघणार? बाया तशा बघत नाहीत. माझ्या आयुष्यात मी एकच बाई नीट बघितली होती. मी बुबुळं किंचित सरकवली, त्याच्या खांद्यावरून मागे. आणि ठिपका ठेवला नाही. दोन्ही बुबुळं पूर्ण काळी भरली. शाई वाळेपर्यंत मी बघत बसलो. आणि ती आली. तीस वर्षं झाली तिला जाऊन, फोटो एकच, त्यात डोळे मिटलेले, आणि ती त्या कागदात उभी राहून मला ओलांडून बघत होती. माझा हात इतकी वर्षं दुसऱ्याचा होता. त्या दिवशी माझा झाला, दोन डोळ्यांपुरता.

बाकावर बसून मला जी धाकधूक होती ती ही. सेन्सेईंना कळलं तर कोमाकीसारखं होईल. पंचावन्नाव्या वर्षी दार बंद झालं तर मी जाणार कुठं, मला तर सूपही करता येत नाही. हे एक. पण खरं सांगू का, त्याहून मोठी भीती म्हणजे त्यांना कळलंच नाही तर? जगात एकच माणूस आहे जो बघताक्षणी सांगू शकतो की हे डोळे हिरुकावाचे नाहीत. त्यांनी पातं घेऊन ते कापून माझ्या हातावर ठेवावेत, मी चाललो असतो. आयुष्यभर जपले असते मी ते. हे वाटलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. बाजूच्या पोरांनी फोनमधून वर बघितलं.

मी पोचलो तेव्हा मोमोसेसान आलेल्या होत्या. सेन्सेई व्हरांड्यातल्या उन्हात खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. "उसु, केस कापलेस," ते म्हणाले. बोलणं आता बरंच सुधारलंय, जिभेला जरा ओझं असल्यासारखं. "डोकं अंड्यासारखं दिसतंय." मी म्हणालो, "चेहरा तुम्ही घाला." ते हसले, एका बाजूने. मग डाव्या हाताने अंक उघडला. भिंग घेतलं. ओकुसान चहा ओतत होत्या. मोमोसेसान चटईकडे बघत होत्या. एक पान. दुसरं. माझी नदी आली, त्यांनी मान हलवली. मग ते पान आलं.

भिंग तिच्या चेहऱ्यावर थांबलं. चहाची धार थांबली. तळ्यावरची बदकं ओरडत होती तेवढं आठवतंय. माझ्या तोंडात शब्द तयार होते. मीच काढले, एवढंच म्हणायचं होतं. सेन्सेईंनी भिंग खाली केलं आणि वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर आजवर बघितलं नव्हतं. लहान मुलाला हरवलेलं काही सापडावं तसं.

"हे मी कधी काढलं?" ते म्हणाले.

ओकुसान माझ्याकडे बघत होत्या. सांगू नका असं काही त्या डोळ्यांत नव्हतं. सांगा असंही नव्हतं. तुमचं तुम्ही बघा, असं होतं.

"दवाखान्याच्या आधी," मी म्हणालो. "आदल्याच दिवशी. घाईत होतात."

"मला आठवत नाही." ते पुन्हा पानात वाकले. "ठिपका नाही घातला मी."

"नाही घातलात."

"बरोबर आहे. घालायचा नसतोच इथं." मग स्वतःशीच, "पन्नास वर्षं मूर्खासारखा घालत आलो." त्यांनी डावा हात वर करून उजव्यावर ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "म्हणजे जाता जाता काहीतरी देऊन गेला म्हणायचा हा. किंवा जाणार नाही अजून. काय, मोमोसेसान?" मोमोसेसाननी इतकं खाली वाकून नमस्कार केला की त्यांचं कपाळ चटईला लागलं. रडत असाव्यात. सेन्सेईंना वाटलं त्यांच्यासाठी.

"उसु," ते म्हणाले, "पण ही कोण रे? अशी बाई मनानं काढता येत नाही. कुठंतरी बघितलेली आहे. मला सापडत नाही." आणि डोक्याला बोट लावलं. "इथं भोकं पडलीत."

अजूनही म्हणता आलं असतं. माझी आई आहे. तीन शब्द. मी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, भिंग धरलेल्या डाव्या हाताकडे, त्या उन्हाकडे, आणि मला इतका कंटाळा आला, कुणाचा ते माहीत नाही, आणि मायाही आली. म्हणालो, "तुम्हीच एकदा सांगितलं होतं. तुम्ही वर मियाकोला गेला होतात, पूर्वी. धक्क्यावर बाया माकुळ कापत बसल्या होत्या. त्यांतली एक. बोलताना माणसाकडे बघायची नाही." ते आयुष्यात सेंदाईच्या वर गेले नाहीत, आणि मियाको त्याच्याही कितीतरी वर.

त्यांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. "हो हो. पाऊस होता."

"बर्फ," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"नाही रे, पाऊस. तुला काय ठाऊक, तू होतास का तिथं? बारीक पाऊस. ती दोऱ्यांच्या खाली बसली होती. डोक्याला निळं फडकं बांधलेलं. मी तिला वाट विचारली, आणि तिनं हात न थांबवता सांगितली. समुद्राकडे बघत." ते हसले. "बघ, आलं की नाही सगळं?"

"आलं," मी म्हणालो.

"पुढचा भाग करू या. डाव्यानं करीन मी, वेळ लागला तर लागला. तू लाग कामाला. चेहरे सोडून बाकी सगळं."

मी आत जाऊन माझ्या मेजाशी बसलो. कोरा कागद घेतला, शाई ढवळली. पांढरं होतं ते फडकं, मनात म्हटलं. पांढरंच. मिठाने कडक झालेलं. मी डोळे मिटून तिला बोलावलं, नेहमी बोलावतो तशी, धक्क्यावर, दोऱ्यांच्या खाली. ती आली. बारीक पाऊस पडत होता, आणि तिच्या डोक्याला निळं फडकं होतं.